महापालिकेच्या दवाखान्यातलं सात नंबरचं केबिन : दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मिक्सर घ्यायचा असला की मी रात्र रात्र रिव्ह्यू वाचते, झाकण नीट बसतं का, ओलं खोबरं वाटताना मोटर गरम होते का, बायका किती बारीक बारीक लिहितात तिथे, पण नवरा मारतो आणि कुठेतरी जाऊन बोलायचंय असं सर्च केलं तेव्हा मला नुसते हेल्पलाईनचे नंबर मिळाले. आत गेल्यावर नक्की काय होतं, किती वेळ लागतो, ते लोक घरी फोन करतात का, पैसे किती, हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. म्हणून मी लिहितेय. दवाखान्याचं नाव टाकत नाही, मुंबईत सेंट्रल लाईनवरचं महापालिकेचं आहे एवढं पुरे, कारण नाव टाकलं तर आमच्या अर्ध्या सोसायटीला मी कोण ते कळेल.

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी चार. एक स्टार कुठे गेला ते खाली येईल.

मी तिथे मुद्दाम गेले नव्हते. मनगट फ्रॅक्चर होतं, हाडांच्या ओपीडीत नंबर लावलेला, डॉक्टरांना सांगितलं बाथरूममध्ये घसरले. प्लास्टर घालणाऱ्या सिस्टर जुना केसपेपर चाळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मार्चमध्ये पण बाथरूमच होतं ना ओ?" मी गप्प. हे खाली मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेले होते. सिस्टर म्हणाल्या, "प्लास्टर वाळायला वेळ लागतो, तोवर सात नंबरमध्ये बसा, पंखा आहे तिथे." आणि ह्यांनी येऊन विचारलं तर एक्स-रेला पाठवलंय असं सांगते म्हणाल्या. माझ्यासाठी कोणी बोललेलं इतकं कामाचं खोटं दुसरं नाही.

सात नंबर म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर स्तनपानाचं पोस्टर. दारावर हिंसा-बिंसा काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आत शिरताना ओळखीचं कोणी बघितलं तरी काही कळत नाही, हे मला फार आवडलं. आत एक पस्तिशीच्या मॅडम, सुती ड्रेस, त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं, "पाणी पिणार का, आणि इथे बोललेलं बाहेर जाणार नाही." मग म्हणाल्या नाही बोललात तरी चालेल, पंख्याखाली बसा. मी खरंच पंधरा मिनिटं नुसती बसले. त्या काहीतरी रजिस्टर भरत होत्या. पुढची तारीख देताना त्यांनी ती माझ्या हाडांच्या केसपेपरवरच लिहिली, फॉलोअप म्हणून, म्हणजे घरी कागद कोणी बघितला तरी प्रश्न नको. असलं डोकं चालवणाऱ्या माणसाकडे परत जावंसं वाटतं.

दवाखान्यात मार खाणाऱ्या बायकांसाठी असं समुपदेशन केंद्र असण्यामागचा विचार साधा आहे. मार खाल्लेली बाई पोलिसात जात नाही, माहेरी सांगत नाही, पण हात मोडला, पोट दुखलं, झोप येईना की दवाखान्यात येते. मुंबईत हे पहिल्यांदा २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं, दिलासा नावाने, महापालिका आणि सेहत ही संस्था मिळून, आणि नंतर महापालिकेच्या बाकीच्या दवाखान्यांतही गेलं. त्याच्या आधी १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला होता, त्याला सगळे स्पेशल सेल म्हणतात. हे मला नंतर कळलं. मी बारा वर्षं ह्याच शहरात राहते आणि पतपेढीच्या काउंटरवर रोज दीडशे माणसांशी बोलते, पण कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार तरी कसं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी शंभरातल्या जेमतेम १४ जणींनी कुठेतरी मदत मागितली असं आलंय. नवऱ्याकडून हिंसा झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायका महाराष्ट्रात २५.२ टक्के. म्हणजे माझ्या काउंटरसमोरच्या लाईनीत दर चौथी. मी आता लाईनकडे बघते तेव्हा मोजत बसत नाही पण विचार येतोच.

आता सर्व्हिस कशी आहे ते.

पहिले दोनतीन वेळा मी "ह्यांनी असं केलं, ह्यांचा स्वभाव तापट आहे, पण मनाने वाईट नाहीत" असंच बोलत होते. मॅडमनी एकदाही तो वाईट आहे असं म्हटलं नाही, सोडा त्याला असंही नाही. मला वाटलं होतं या लोकांचं कामच संसार मोडायचं असतं, माझ्या आईचं तेच मत. उलट त्यांनी विचारलं की तो सुधारेल असं तुम्हाला कशावरून वाटतं, आणि खरंच कुतूहलाने विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, मारल्यावर चार दिवस इतके चांगले वागतात, मुलाचा अभ्यास घेतात, येताना माझ्या आवडीची खरवसाची वडी आणतात. मग त्यांनी एक होमवर्क दिला. घरी कॅलेंडर आहे ना भिंतीवर, त्यावर ज्या दिवशी मार किंवा शिव्या त्या तारखेखाली एक बारीक टिंब द्यायचं. बाकी काही लिहायचं नाही.

आमच्याकडे कालनिर्णय, आणि त्यावर दुधाचा हिशेब मीच ठेवते, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली. त्यामुळे टिंबांकडे कोणाचं लक्ष जायचा प्रश्न नव्हता. एकदा त्याने विचारलंसुद्धा, हे टिंब काय, मी म्हटलं जास्तीचं दूध. तीन महिन्यांनी पानं फाडून पर्समधून घेऊन गेले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तर टिंबं वीस-बावीस दिवसांनी, मग सतरा, मग अकरा. खरवसाची वडी एकदाही मधल्या दिवसांत नाही, टिंबाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. मी गप्प बसून बघत राहिले आणि मग काहीतरी बोलले तेव्हा तोंडातून "ह्यांनी" आलं नाही, "त्याने" आलं. मॅडमनी रजिस्टरमधून मान वर केली फक्त. बारा वर्षांत मी नवऱ्याला कोणासमोर अरेतुरे केलं नव्हतं.

ह्या आशेबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण माझ्या मते ह्या जागेची खरी क्वालिटी तिथे आहे. आपल्याकडे आशा म्हणजे काय, धीर धर, होईल सगळं ठीक, देव बघतोय. माझ्याकडे असली आशा पोतंभर होती, तिच्यावरच बारा वर्षं काढली, आणि ती सगळी त्याच्या वागण्यावर टांगलेली. म्हणजे माझा दिवस चांगला जाणार का हे त्याच्या लिफ्टमधून बाहेर पडण्याच्या चालीवर. सात नंबरमध्ये वेगळंच चालतं. मॅडमनी विचारलं, पुढच्या गुरुवारपर्यंत तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं झोप. हसल्या नाहीत त्या. म्हणाल्या चला, झोपेसाठी तीन रस्ते काढू, आणि एक बंद झाला तर दुसरा कुठला ते पण आत्ताच ठरवू. पहिला, मुलाच्या खोलीत त्याच्या परीक्षेचं निमित्त काढून झोपायचं. दुसरा, महिन्यातून दोन रात्री बहिणीकडे. तिसरा, वरच्या मजल्यावरच्या आजींकडे "त्यांना बरं नाही म्हणून सोबतीला". पहिला आठवड्यात बंद पडला, आजींकडचा चालला. चार तास सलग झोपले त्या रात्री, मी उठून घड्याळ दोनदा बघितलं.

नंतर माझ्या भाचीने, ती सायकॉलॉजी करतेय, सांगितलं की हे असंच पुस्तकात आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे सी. आर. स्नायडर म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी १९९१ मध्ये आशा मोजायची १२ वाक्यांची पट्टी काढली, चार वाक्यं रस्ते सापडतात का यावर, चार त्या रस्त्याने जायची ताकद वाटते का यावर आणि उरलेली चार नुसती भरतीची, म्हणजे भरणाऱ्याला कळू नये काय मोजतायत. भाचीने माझ्याकडून भरून घेतली आणि मी भरतीच्या वाक्यांवर सगळ्यात जास्त विचार केला, असो. पण गंमत बघा, त्यात "सगळं चांगलं होईल असं वाटतं का" हा मुद्दाच नाही. रस्ता आणि चालायची ताकद, दोनच गोष्टी. मला हे आईला समजावून सांगता आलं नाही. ती म्हणाली, "अगं पण देवावर विश्वास नको का?" मी म्हटलं आहे की, पण देवाला बहिणीच्या घराची किल्ली माझ्याकडे देता येत नाही.

किल्लीवरून आठवलं, सेफ्टी प्लॅन. हा सगळ्यात भारी भाग आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांत त्याचा चक्क छापील नमुना आहे. बाई निघायच्या तयारीत असते तेव्हा आणि निघाल्यावर धोका वाढतो, कमी होत नाही, हे मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, घाबरवायला नाही, तयारीला. आधारकार्ड, मुलाचा जन्मदाखला, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्यांच्या झेरॉक्स पतपेढीत माझ्या ड्रॉवरमध्ये. मूळ कागद एकेक करत बहिणीकडे, एकदम नाही, कारण कपाट रिकामं दिसतं. मारामारी सुरू झाली तर किचनमध्ये आणि बाथरूममध्ये जायचं नाही, दाराच्या बाजूला सरकायचं. आणि बहिणीशी ठरलेला मेसेज, "कुकरची शिट्टी कुठे मिळेल गं", हा आला की तिने ११२ ला फोन करायचा आणि मला उलट फोन करायचा नाही. एकदाच वापरावा लागला. गंमत म्हणजे बहीण गडबडीत आधी "दादरला" असं उत्तर टाईप करून मोकळी झाली, मग भानावर येऊन फोन केला. पोलिस वीस मिनिटांत आले.

मनाचं काय होतं ते आता लिहिते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी स्वतःला वेडी समजले नसते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की पोटात गोळा. काउंटरवर नोटा तीन तीनदा मोजायचे आणि तरी आकडा विसरायचे. डोकं सतत जड, चार चष्मे बदलून झाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा भाजीवाल्याने विचारलं ताई भेंडी देऊ का गवार, आणि मला उत्तरच देता येईना, मी तिथे उभी राहून रडायला लागले, बिचाऱ्याने घाबरून दोन्ही दिल्या. मॅडम म्हणाल्या शरीर बारा वर्षं पहाऱ्यावर बसलंय, पहारेकऱ्याला भेंडी-गवार सुचत नाही. त्यांनी एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, झोप, भूक, कशात मन न लागणं वगैरे, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. माझे १९ आले. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांवर असतो, तिथे मी शून्य लिहिलं होतं आणि त्या तरीही दोन मिनिटं थांबल्या, परत हळू विचारलं, मग मी खरं उत्तर दिलं. त्याच दिवशी हाताला धरून शेजारच्या मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेल्या, चिठ्ठी देऊन पाठवलं नाही, स्वतः आल्या. गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस मळमळ, फरक पडायला तिसरा-चौथा आठवडा लागला, मधे सोडून द्यायचं मनात आलं होतं. जोडीदाराची हिंसा सोसलेल्या बाईला डिप्रेशन येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय, पण आमच्या सासूबाईंच्या भाषेत त्याला "हिला कामाचा कंटाळा" म्हणतात.

आणि एक, बाहेर पडलं की लगेच बरं वाटतं हा गैरसमज आहे. तो घरात राहायचा बंद झाल्यावर पहिले दोन महिने माझी तब्येत उलट बिघडली. घरात शांतता, आणि मी रात्री दोन वाजता लिफ्टचा आवाज ऐकत बसलेली. मॅडमनी हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

आता कापलेला स्टार.

केबिन आणि शेजारच्या इंजेक्शनच्या खोलीमध्ये फक्त प्लायवूड. तिकडची पोरं रडतात ते इकडे ऐकू येतं म्हणजे इकडचं तिकडे जात असणारच. वेळ सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्याच वेळात, शनिवारी नाही, मला दर वेळी हाफ डे टाकावा लागायचा आणि पतपेढीत शेवटी दाताचं रूट कॅनल सांगून सांगून लोकांना वाटलं हिला बत्तीसच्या बत्तीस दात बदलायचेत. मुलाला कुठे बसवायचं याची सोय नाही, तो बाहेर बाकावर, सातवीतलं पोर, सगळं कळतं त्याला. मधेच मॅडम बदलल्या, कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि नव्या मॅडमना पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्या चांगल्याच आहेत पण सांगताना मी तीन दिवस आजारी पडले. आणि एक दिवस वॉर्डबॉयने पॅसेजमध्ये ओरडून विचारलं, "ते मारहाणवालं पेशंट कोण?" बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. मी उठलेच नाही, घरी निघून आले, तीन आठवडे गेले नाही. मग फोनवर मॅडमना सांगितलं, त्यांनी काय केलं माहीत नाही पण पुढच्या वेळेपासून टोकन नंबर पुकारतात. तक्रार करा, होतं काहीतरी, एवढंच.

तुलना करायची तर, मी आधी दोन ठिकाणी गेले होते. एका ऑनलाईन ॲपवर ४५ मिनिटांचे १२०० रुपये, छान इंग्रजाळलेली मुलगी, तिने सांगितलं कम्युनिकेशन सुधारा, दोघं मिळून सेशन घ्या. दोघं मिळून! ज्याच्यासमोर बोलल्यावर घरी गेल्यावर मार बसणार त्याच्यासमोर मन मोकळं करा म्हणे. दुसरीकडे एक समिती होती, पाच जण टेबलापलीकडे, त्यातल्या एका काकांनी टाळी एका हाताने वाजत नाही हे ऐकवलं. सात नंबरमध्ये त्याला बोलावायचं की नाही हे मला विचारलं, मी हो म्हटल्यावरच बोलावलं, आणि आधी त्याच्याशी वेगळं, माझ्याशी वेगळं. समेट करा असा सूर नव्हता, मुद्दा एकच, हात उचलणं बंद. तो आला, गोड बोलला, सही केली, आणि अकराव्या दिवशी टिंब. तेव्हा मग कायद्याकडे गेलो.

कायद्याचं थोडक्यात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. ह्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैसे काढून घेणं, लैंगिक जबरदस्ती सगळं येतं, आणि घर त्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहायचा हक्क आहे, हे मला माहीतच नव्हतं, मी आपली बॅग भरायच्या गोष्टी करत होते. संरक्षण अधिकारी डीआयआर, म्हणजे घरात काय काय घडलं त्याचा अहवाल, भरतात, वकील नसला तरी चालतं. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायद्यात लिहिलंय. आमचा अंतरिम आदेश यायला सात महिने लागले. पण आला. तो आता भावाकडे राहतो, मुलाला रविवारी भेटतो.

पैसे: केसपेपरचे जे काय असतील ते, समुपदेशनाचे शून्य. जाताना काय न्यायचं: जुने केसपेपर, एक्स-रे, जखमेचे फोटो असले तर ते बहिणीच्या फोनवर ठेवलेले. मोबाईलची हिस्ट्री पुसून जा. घरातून बोलता येत नसेल तर महिलांसाठी १८१ आहे, आणि नुसतं मन खचलंय, रात्रीबेरात्री बोलायचंय तर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं, फुकट, आणि पुरुषांनाही चालतं, आमच्या पतपेढीतल्या एका शिपायाला मीच दिलाय तो नंबर, त्याची गोष्ट वेगळी आहे, ती त्याने सांगावी.

मागच्या महिन्यात तो नऊ प्रश्नांचा फॉर्म परत भरला, सात आले. गोळी अजून चालू आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करणार नाही. लिफ्ट थांबली की अजूनही हातातलं काम सुटतं, पण आता एवढंच, रडू येत नाही.

कालनिर्णयवर आता नुसता दुधाचा हिशेब असतो. त्यामुळे परवा पहिल्यांदा लक्षात आलं की दूधवाला दर महिन्याला चार लिटर जास्त लावतोय, कधीपासून कोण जाणे. दारात उभी राहून भांडले त्याच्याशी. चांगला आवाज चढवून भांडले, वरच्या आजी जिन्यात येऊन बघून गेल्या.